सही शिक्क्याच्या शेजारी

निविदा समितीचे मनःपूर्वक अभिनंदन. एका ठेकेदाराच्या निविदेत पान ३७ वर शिक्का होता, सहीही होती. पण सही शिक्क्यावर नव्हती, शेजारी होती. ही गंभीर बाब समितीने तांत्रिक लिफाफ्यातच हेरली आणि ठेकेदार बाद केला. दराचा लिफाफा उघडलाच नाही, त्यामुळे स्वस्तात रस्ता होण्याचा धोका टळला. मूलभूत अटी वेगळ्या नि दुय्यम वेगळ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने पोद्दार स्टील प्रकरणात १९९१ सालीच सांगितले होते. पण तारतम्याला जावक क्रमांक नसतो. आता पूलही असेच तपासावेत: आधी शिक्का, सवड मिळाल्यास खांब.

उरलेल्या एकमेव ठेकेदाराचे कागद मात्र निर्दोष निघाले. निविदेच्या अटीही त्याच्याच संगणकावर टाइप झाल्या होत्या.