काडीसुद्धा न्यायची नाही

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव शोधायला जाऊ नका. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव तेवढं वर राहिलं, आणि कचेरी घोडेगावात. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा ठाकलेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. ही सगळी माहिती मी गाडीत तळमळीने देत होतो आणि मागच्या सीटवरून, "भावोजी, इथे मिसळ कुठे चांगली मिळते?" एवढाच प्रश्न आला.

प्रश्न मेव्हण्याचा होता. आम्ही देवराई बघायला निघालो होतो. डिंभ्याच्या पुढे, भीमाशंकर अभयारण्याच्या अंगाला एक वाडी आहे, तिच्या डोक्यावर ही राई. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे अर्धं कर्वेनगर उतरेल आणि दिवाळीपर्यंत 'देवराई व्ह्यू' नावाने प्लॉट पडतील.

मेव्हणा देव मानत नाही. सत्यनारायणाला तो प्रसादापुरता येतो आणि प्रसादातही त्याला फक्त रवा, तूप, साखर आणि केळं दिसतं. दोनदा मागून घेतो, तो भाग वेगळा. देवराईला यायला तो तयार झाला तो 'जैवविविधता' हा शब्द ऐकून. तिथे देवही असतो हे त्याला पोखरीच्या घाटात कळलं, तोवर परत फिरायला जागा नव्हती.

ऑक्टोबर सरत आला होता. खाचरांत भात पिवळं झालं होतं, काही ठिकाणी कापणी चालू होती. बांधावरचे ऐन बघून मेव्हण्याने गाडी थांबवायला लावली. फांद्या नाहीत, नुसते उंच बुंधे आणि शेंड्याला पानांचा झुपका. मी सांगितलं, की हे राबासाठी. उन्हाळ्यात फांद्या छाटून वाळवतात, खाचराच्या एका कोपऱ्यात पसरून, वर गवत-माती टाकून पेटवतात आणि त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकतात. तण मरतं, राख खताला होते.

"म्हणजे झाडं तोडतात!" मेव्हणा हळहळला. "यांना कुणीतरी समजावायला हवं."

त्याच्या सोसायटीने पार्किंगसाठी गुलमोहर पाडला तेव्हा ठराव कुणी मांडला होता, याची आठवण हिने त्याला तिथेच करून दिली. ही कामं सख्ख्या बहिणीनेच करावीत, नवऱ्याने त्यात पडू नये.

वाडीत ज्यांच्या घरी जेवण सांगितलं होतं, तेच बाबा वाट दाखवायला निघाले. महादेव कोळी, वय सत्तरीच्या पुढेमागे, डोक्याला टोपी, पायात रबरी चपला. घर जुनं, कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेलं. निघताना त्यांनी कमरेचा कोयता काढून खुंटीला अडकवला. मग मेव्हण्याकडे बघितलं.

"तुमच्याजवळ काय हत्यार?"

मेव्हण्याने अभिमानाने स्विस चाकू काढला. त्यात पातं, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, बूच काढायचा पीळ आणि बोटभर लांबीची करवत.

"ह्यात करवत बी हाय?" बाबा गंभीर झाले. त्यांनी तो दोन बोटांत धरून आत नेला आणि कोनाड्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. मेव्हण्याची एखादी वस्तू देव्हाऱ्यात जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"तिथलं काय बी न्यायचं न्हाय," बाबा म्हणाले. "वाळकी काडीसुदिक न्हाय."

मधे माळ होता. छातीपर्यंत कुसळी गवत, त्यातून पायवाट. मग राईची कड आली आणि ऊन एकदम संपलं. आत जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा, आणि या सगळ्यांच्या खांद्यांवरून वेटोळी घालत गेलेली गारंबीची वेल, मांडीएवढी जाड. खाली गवताचं पातं नाही, नुसता पाचोळा. बाहेर घाम पुसणारी ही आत येताच पदर लपेटून घेऊ लागली. आपण एसी किती अंशांवर ठेवतो, हा आमच्या घरातला जुना वाद त्या झाडांनी विनाशुल्क मिटवला.

देव म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. छप्पर नाही. कुठे कळमजाई, कुठे वाघोबा, कुठे नुसताच वनदेव. या डोंगरांत असे देव पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याभोवती राखलेलं रान त्यांच्यापेक्षा मोठं असतं. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे शहरातल्या शहाण्यांना कळलं की ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणत होतो तिथे जुनं जंगल शिल्लक आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ सालचं. त्याला अधिसूचना आहे, हद्द आहे, कायदा आहे. वाटेत एका वळणावर नियमांचा एक मोठा फलक दिसला होता आणि त्याच्या पायाशी वेफर्सची पाकिटं. इथे फलक नव्हता, कुंपण नव्हतं, दंडाची पावती नव्हती. आणि पाकीटही नव्हतं.

मेव्हणा एका झाडाखाली थांबला. "हे कसलं?"

"हिरडा," बाबा म्हणाले.

रोज रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा घेणाऱ्या माणसाची आणि त्रिफळ्यातल्या एक तृतीयांशाची ही पहिली समोरासमोर भेट. बाबांनी सांगितलं, की उन्हाळ्यात कोवळी फळं काढून वाळवली की तो बाळहिरडा. भातानंतर हातात पैसा येतो तो त्याचाच, आणि व्यापारी देईल तो भाव. "पर ते आमचे हिरडे. ह्यो देवाचा. ह्याचं फळ बी हिथंच कुजतं."

मग गारंबीच्या बिया सापडल्या. या वेलीची शेंग हातभराहून लांब असते आणि बी चपटं, तपकिरी, पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत. त्यातलं एक मेव्हण्याने उचललं. तळव्यावर घेऊन चोळलं. "पेपरवेट म्हणून काय झकास दिसेल!"

बाबा काही बोलले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर मात्र, जणू सहज आठवलं म्हणून, त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याने इथली काडी दात कोरायला नेली. आठवड्यात म्हैस आटली. पुढं भिंत खचली. पुढं सासरा राहायला आला.

"योगायोग," मेव्हणा म्हणाला. "एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही."

"व्हय की," बाबा म्हणाले. "सासरा अजून हाय."

मेव्हणा दहा पावलं चालला. मग वळला, मागे गेला आणि बी जिथून उचललं होतं तिथेच, त्याच कोनात ठेवून आला. "बीजप्रसारात ढवळाढवळ नको," त्याने स्पष्टीकरण दिलं. "परिसंस्थेचा प्रश्न आहे." विवेकवादी माणसाचं हे मोठं सुख, घाबरायलासुद्धा त्याला शास्त्रीय कारण सापडतं.

एवढ्यात वरून कुणीतरी आमच्यावर खेकसायला लागलं. शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस अंग, लांबलचक झुपकेदार शेपूट, आणि चाळीत नळावरून भांडताना लागतो तसला आवाज. एका झाडावरून दुसऱ्यावर सहज झेप घेत ते आमच्या डोक्यावरूनच चाललं होतं. जमिनीवर उतरणं त्याला सहसा मान्य नसतं. फांदीला फांदी लागलेली असली की त्याचं सगळं भागतं, आणि नेमकी तीच गोष्ट राईबाहेर राहिलेली नाही. बाबांनी काड्यापानांची मोठाली घरटी दाखवली, एकाच जोडीची तीन-चार.

"राहतं एकातच?" हिने विचारलं.

"ऱ्हातं एकात. बाकीची अशीच बांधून ठेवतं."

ही भावाकडे बघून हसली. वाकडला त्याचे दोन फ्लॅट कुलूपबंद आहेत.

शेकराने कुरतडलेल्या फळाची टरफलं वरून टाकली, ती नेमकी मेव्हण्याच्या टोपीत. बाबांनी टोपी उलटी करून झटकायला लावली. टरफलं देवाची.

परत फिरताना मेव्हण्याला अचानक सगळं उमगलं. त्याचे डोळे चमकले. "भावोजी, हे धार्मिक नाहीच! हे जलव्यवस्थापन आहे! राई राखली की पाणी मुरतं, झरा वाहतो. पूर्वजांनी देवाचं नुसतं निमित्त केलं. काय बाबा, झरा असेल ना?"

"हाय की."

"बघा!"

"शिमग्याला आटतो. मग टँकर."

मेव्हणा थोडा खचला. "मग तुम्ही ही झाडं का नाही तोडत?"

बाबांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. इतका वेळ देवाच्या पुढ्यात उभं राहून आलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याचं त्यांना नवल वाटलं असावं. "देवाची हायत म्हणून," ते म्हणाले.

वाडीवर पोचलो तेव्हा तांदळाच्या भाकरीचा वास अंगणापर्यंत आला होता. आम्ही ओसरीवर टेकलो आणि लक्षात आलं, की तिघांच्याही मोज्यांत कुसळं भरली आहेत. कुसळ हे मोठं चिवट प्रकरण. बीला खाली सुईसारखं टोक आणि वर लांब शेपटी. शेपटी वाळली की पीळ खाते, ओल लागली की पीळ सोडते आणि त्या गिरक्यांत टोक मातीत खोल शिरतं. माती नसेल तर घामेजलेला मोजाही तिला चालतो.

मी एक कुसळ उपटलं आणि अंगणात टाकणार, एवढ्यात मेव्हण्याने माझा हात धरला.

"थांबा. हे... तिथलं आहे."

त्याचा चेहरा उतरला होता. काडी नेली नाही, फळ नेलं नाही, बी परत ठेवलं, टोपी झटकली. आणि आता पायांत शंभरेक बिया घेऊन तो देवाच्या हद्दीबाहेर आला होता. आपण होऊन नेलं नाही, तेव्हा दोष लागत नाही, असं माझं म्हणणं. चोरीचा माल जवळ सापडला तर हेतू कोण विचारतो, असं हिचं. मेव्हण्याने मोजे काढून परत राईत नेऊन झटकायचा प्रस्ताव मांडला. पण तसं केलं तर येताना त्याच गवतातून अनवाणी यावं लागणार होतं.

शेवटी त्याने बाबांनाच विचारलं. आवाज शक्य तितका कुतूहलाचा ठेवून.

बाबांनी मोजा हातात घेऊन उन्हाकडे धरला. "राईत गवात व्हतं का?"

"नाही."

"सावलीत हे गवात कसं यील? हे माझ्या माळावरलं." त्यांनी मोजा परत दिला. "न्या की. आनखी पायजे तर भारा बांधून देतो."

मेव्हण्याने मोकळा श्वास घेतला. मग पुढे सरकून कोनाड्याकडे बोट दाखवत हळूच विचारलं, "आणि बाबा, तो चाकू... आता नेला तर चालेल ना?"