राघोबा कोण होणार?

मांजलपुरातल्या एका घरात दरवर्षी १८ मे रोजी पंखा बंद असतो. बाहेर बडोद्याचा उन्हाळा, आत जेवणाच्या टेबलाभोवती घामानं निथळणारे पाच-सहा निवृत्त गृहस्थ, आणि टेबलावर खेळण्यातल्या शिपायांनी मांडलेली १७७५ सालची अडासची लढाई. पंखा लावला की तोफांचा धूर, म्हणजे काकूंचा वातींचा कापूस, उडून आमटीत पडतो आणि अख्खं घोडदळ आडवं होतं.

अडास काही लांब नाही. महीचा पूल ओलांडून आणंदच्या वाटेवर, वासदच्या पुढे. पेशवाईसाठी आसुसलेल्या राघोबादादांनी त्या साली सुरतेला इंग्रजांशी तह केला, कर्नल कीटिंगच्या पलटणी सोबत घेतल्या आणि इथं बारभाईंच्या, म्हणजे राघोबांना विरोध करणाऱ्या पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, हरिपंत फडक्यांशी गाठ पडली. बडोदेकरांना मौज वाटते ती वेगळीच. दमाजीराव गायकवाडांचे दोन मुलगे तेव्हा दोन पक्षांत होते: गोविंदराव राघोबांकडे, फत्तेसिंगराव बारभाईंकडे. कोणीही जिंको, गायकवाड हरत नाहीत!

यजमान काकांची पहिली फौज दिवाळीच्या किल्ल्यावरून भरती झाली होती. ते मातीचे मावळे शंभर वर्षं आधीचे, शिवाय वीतभर उंच. इंग्रजांच्या तोफा त्यांच्या घोट्याला लागायच्या. मग काकांनी बाहत्तरास एक या मापाचे प्लास्टिकचे शिपाई मागवले. या मापात साडेपाच फुटी माणूस २३ मिलिमीटरचा होतो. आधी काळ्या रंगाचा हात, तो वाळला की पागोटं, अंगरखा, कमरबंद, आणि शेवटी कोरड्या ब्रशनं कडांवर फिकट रंग घासायचा, म्हणजे घड्या उठून दिसतात. तीन शून्यांचा ब्रश, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, श्वास रोखलेला. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. डोळे रंगवण्याचा नाद मात्र काकांनी सोडला, कारण रंगवलेला प्रत्येक शिपाई आत्ताच विजेचं बिल पाहिल्यासारखा दिसायचा. पायाखालच्या जमिनीला रांगोळी, गवताला हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आणि चिखलाला चहाचा चोथा.

‘अहो, वय काय आपलं?’ या प्रश्नावर काकांचं उत्तर तयार असतं. एच. जी. वेल्सनं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं या खेळाचं पुस्तक काढलं तेव्हा उपशीर्षकातच खेळाडूचं वय बारा ते दीडशे असं दिलं होतं. काकूंच्या मते त्यातले पहिले बारा अजून पूर्ण व्हायचेत.

खरी लढाई फासे पडण्याआधीच जुंपते. हरिपंत व्हायला तिघे तयार, कीटिंग व्हायलाही एखादा मिळतो. राघोबा व्हायला कोणी नाही. गेल्या वर्षी शेवटी शेजारच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या गुजराती भाईंना पकडून आणलं. त्यांना इतिहास ठाऊक नव्हता, त्यामुळे ते आनंदानं गादीचे दावेदार झाले.

सापशिडीचा फासा, शिवणकामाची टेप, पाव इंचावरून तासभर वाद. मग प्रत्यक्षात घडलं होतं तेच टेबलावरही घडलं: इंग्रजांच्या ग्रेनेडियर तुकडीत गोंधळ माजून ती मागे वळली. भाईंनी चष्मा पुसला आणि या पलटणींचा खर्च कोणाच्या माथी, असं विचारलं. तहाप्रमाणे राघोबांच्याच, महिना दीड लाख रुपये, असं काकांनी सांगितलं.

‘दोढ लाख?’ भाई उठून उभे राहिले. ‘अने आ लोको भागी जाय छे?’

कीटिंग झालेल्या गृहस्थांकडे त्यांनी तिथल्या तिथे पैसे परत मागितले. पावतीसकट.