गल्लीतला लाल षटकोन

श्टुटगार्ट,
फेब्रुवारीतला रविवार

ती. आई आणि बाबा,

पत्र लिहायला घेतलं, कारण फोन आता माझ्यापर्यंत पोचतच नाही. बाबांनी "काय म्हणते तिकडची हवा?" विचारलं की पूर्वी तुमचे चिरंजीव "बरी आहे" म्हणून मोकळे व्हायचे. आता दशांश चिन्हासकट उत्तर देतात, आणि माझी पाळी येते तोवर आईंची मालिका सुरू झालेली असते.

तर, याने बाल्कनीत हवामान खातं काढलंय. खऱ्या हवामान खात्याचं सिमला ऑफिस १९२८ साली पुण्याला आलं तेव्हा निदान सरकारी हुकूम तरी निघाला असेल. इथे हुकूम नाही, मंजुरी नाही, थेट बांधकाम. त्याला लागतात सांडपाण्याच्या पाइपाचे दोन करडे एल्बो. थट्टा नाही, इथली रीतच ती! २०१५ साली याच गावातल्या ओके लॅब नावाच्या हौशी मंडळींनी हे घरगुती धूळमापक सुरू केलं आणि पेटी म्हणून त्यांना हार्डवेअरच्या दुकानातले एल्बोच स्वस्त पडले. एकात एक खुपसायचे, दोन्ही तोंडं खाली, म्हणजे पाऊस आत येत नाही. आत बोटभर पंखा हवा ओढतो, ती लेझरसमोरून जाते, धुळीच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून धूळ किती ते ठरतं. जोडीला नखाएवढी चिप, ती तापमान, आर्द्रता आणि दाब सांगते. दाब खरंच मोजते का, हे पाहायला हा ती चिप हातात धरून तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत पळत गेला. दाब एक-दीड हेक्टोपास्कलने उतरला. याची धाप मोजायची सोय चिपमध्ये नाही.

सुरुवातीला ते यंत्र स्वयंपाकघरात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली बारीक धुळीची दिवसाची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम ठरवली, म्हणून याने १५ वर मोबाइलमध्ये घंटा बसवली. आमची चिमणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत घरातच सोडते. त्यामुळे मोहरी तडतडली की घंटा, मिरची पडली की घंटा. आई, तुमच्या पद्धतीच्या ठेच्याला तर ती थांबेचना. दोन दिवस मी उकडलेलं वाढलं, तिसऱ्या दिवशी यंत्र आपोआप बाल्कनीत गेलं.

बाल्कनी दक्षिणेला. ऑक्टोबरातल्या एका दुपारी आमच्याकडे ३८ अंश तापमान होतं आणि खाली लोक कोट घालून चालले होते. मग तापमापकाच्या स्टीव्हन्सन पेटीवर माझी शिकवणी झाली : पांढरी, झडपांची, सावली धरणारी, वारा खेळू देणारी. ती बनवणारा टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधायचा आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्याचा बाप होता, हे ऐकून धाकट्या लेकीने पुस्तक मागितलं. एवढाच शैक्षणिक लाभ. एल्बो सावलीच्या कोपऱ्यात सरकले.

नोव्हेंबरात धुकं पडलं. सकाळी आकडा आभाळाला. याने खिडक्या लावल्या, आम्हाला मास्क चढवले. समोरच्या घरातल्या आजी मात्र खिडक्या सताड उघडून गाद्या झटकत होत्या. कारण नंतर कळलं : लेझरला पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही, दमट हवेत तो धुकंसुद्धा मोजतो. ते आजींना लेझर न लावता माहीत होतं.

या गावाला धुळीचा इतिहास आहे बरं. चहूकडून टेकड्या, त्यावर द्राक्षमळे, आणि थंडीत वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. खालचा धूर खालीच. २०१७ साली नेकारटोर चौकाजवळ धूळ खायला शंभर मीटर लांबीची शेवाळाची भिंत उभारली होती. आपल्या मागच्या भिंतीवर पावसाळ्यात फुकट येतं तेच ते. बाबा दरवर्षी खरवडून काढतात, यंदा राहू द्या.

खरा घोळ डिसेंबरात झाला. आमचे आकडे दर अडीच मिनिटांनी एका जाहीर नकाशावर जातात आणि आमच्या जागी एक षटकोन रंगतो. रोज संध्याकाळी सातनंतर तो नारिंगी, मग लाल. वारा कुठून येतो ते कळायला माझी चांगली बांधणीची ओढणी कठड्याला बांधली गेली. ओढणी उडाली ती समोरच्या आजींच्या धुराड्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा तिकडूनच. आता त्यांना सांगायचं कसं? दर महिन्याला प्लमचा केक पाठवणारी बाई!

हा शब्द जुळवत बसला होता, तोवर आजीच आल्या. नातवाने नकाशा दाखवला होता. अख्ख्या गल्लीत यंत्र आमचंच, म्हणून अख्खी गल्ली बिनरंगी आणि आमचं घर लाल. "तुमच्याकडे काय जळतंय?" त्यांनी काळजीने विचारलं. लाकडाच्या शेगडीचा विषय निघताच त्यांनी आम्हाला घरी नेलं आणि लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र काढलं. इथे २५ टक्क्यांहून ओलं लाकूड जाळायला बंदी आहे. आजींचं निघालं १८. "माझं लाकूड कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं काय?"

नाताळात याने दुसरा संच बनवून त्यांना भेट दिला. त्यांचाही षटकोन लाल झाला तेव्हा आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनी लाकूड खालून पेटवायचं सोडून वरून पेटवायला सुरुवात केली, त्याने धूर कमी होतो, आणि आता रोज रात्री आमच्या आकड्याशी आपला आकडा लावून पाहतात. परवा त्यांचा कमी आला. केक आला, चिठ्ठीवर दोन्ही आकडे.

एकतीस डिसेंबरला तर सगळं गावच फटाके उडवतं. मध्यरात्री यंत्र ९९९.९ वर थांबलं, त्यापुढे मोजायची त्याची ताकद नाही. आम्हाला दिवाळीची आठवण आली आणि खोकलाही.

एप्रिलमध्ये हा येतोय, बॅगेत तिसरा संच आहे. बाबा, उत्तरेकडची सावलीची जागा बघून ठेवा, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब, आणि खाली पालापाचोळा पेटवतात त्या कोपऱ्यावर तर मुळीच नको. आई, जुनी ओढणी काढून ठेवा, नाहीतर नवी जाईल.

तुमची,
सून

ता. क. चौथाही संच पाठवतेय. तो शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांना द्या, आणि तुमचा लावायच्या आधी द्या.