चार पापलेटं

उरणात चाकांना तोटा नाही. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं तेव्हापासून करळ फाट्यावर अठरा चाकी, बावीस चाकी ट्रेलरांची रांग कधी पूर्ण हटलेली नाही. त्या चाकांकडे कुणी मान वळवून बघत नाही. अशा गावात एक माणूस फक्त चार चाकं निवडण्यात वर्षं घालवतो आहे, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण तो आमच्या शेजारी राहतो. सगळी आळी त्याला दादूस म्हणते, वयानं मोठी माणसंसुद्धा.

दादूस एका कंटेनर यार्डात नोकरीला आहे. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतात की नाही हे दिवसभर बघायचं. बापसाची शेती बंदरात गेली. त्याबदल्यात द्रोणागिरी नोडात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर बंगला उठला आणि बंगल्याखाली दोन गाळे निघाले. एक गाळा मेडिकलवाल्याला भाड्यानं दिला आहे. दुसऱ्याचं भाडं दर महिन्याला बुडतं, कारण त्यात दादूसची स्विफ्ट आहे. पहिल्या पिढीची, १.३ लिटर पेट्रोल, ८७ अश्वशक्तीची. मागची सीट काढलेली, गालिचा काढलेला, स्पीकर काढलेले आणि गाडी चार स्टँडवर उभी. चाकं काढलेली नाहीत. चाकं अजून ठरलेली नाहीत.

ही गाडी ट्रॅकवर पळवायची आहे. दादूसला शर्यत जिंकायची हौस नाही. मोकळ्या ट्रॅकवर, हेल्मेट घालून, पैसे भरून, समोर म्हैस नाही की ट्रेलर नाही अशी गाडी चालवायची, एवढंच त्याचं मागणं. "रस्त्यावं पलवतात ती येडी," असं तो अटल सेतूवर गाड्या उडवणाऱ्या पोरांना तोंडावर सांगतो. त्या पोरांच्या टायरमध्ये किती हवा आहे, हे त्याला तोवर नुसत्या नजरेनं कळलेलं असतं.

दादूसचं सगळं तत्त्वज्ञान एका भागाकारावर उभं आहे. गाडीचं वजन हजार किलो धरा. टायरमध्ये तीस पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या थोडा वर दाब. भागाकार केला की चारही टायर मिळून जमिनीला पावणेपाचशे चौरस सेंटिमीटर टेकतात. चाकामागे एकशेवीसच्या आसपास. "एक मध्यम पापलेट!" दादूस तळवा पसरून दाखवतो. "यवरी मोठी गारी, न जमिनीला लागतात चार पापलेटं. इंजिन काय न ब्रेक काय, सगलं त्या चार पापलेटांवरच चालतं." यावर त्याची आई, घरातली म्हातारी, म्हणाली होती, "मंग पापलेटंच आण. निदान खाता येतील."

नंबर वाचायची सवय यार्डातून घरी आली. तो माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो, टायरच्या भिंतीकडे आधी. १९५/५५ आर १५ ८५ व्ही. रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचात. ८५ म्हणजे एका टायरला पेलवणारं वजन, ५१५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची मुभा. एकदा तो पारावर हे समजावत होता. "पंचावन्न म्हणजे पंचावन्न टक्के," म्हणाला. जमिनीच्या मोबदल्यासाठी सिडकोशी चार दशकं भांडलेले एक आजोबा ताडकन उठून बसले. "पंचावन्न टक्के? आमाला साडेबारा देताना नाकी नऊ आनले! कंच्या नोडात देतात?"

पण त्याचा खरा धसका लोकांनी घेतला तो टायरच्या जन्मतारखेमुळे. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दादूस हळदीला जातो, डीजे दणाणत असतो, पाहुणे नाचत असतात आणि हा पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून गाड्यांखाली वाकलेला असतो. मग जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाला विचारतो, "मामा, तुमचे टायर २०१६ च्या एकोणतिसाव्या आठवड्यातले. रबर कडक झालंय. परत जाणार कसे?" मामा त्या रात्री मुक्कामाला राहतात आणि यजमानीण दादूसच्या नावानं बोटं मोडते.

तरी आळीचा फायदा झाला आहे, हे कबूल करायला हवं. त्याच्या खिशात पेनाच्या जागी हवेचा गेज असतो. कुणाची स्कूटर उभी दिसली की हवा तपासतो. शाळेच्या व्हॅनचा पुढचा टायर गोटा झाला होता. मोटारीच्या टायरला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, तिथे टकलावरून हात फिरवावा तसा गुळगुळीत. दादूस व्हॅनसमोर खुर्ची टाकून बसला आणि टायर बदलेपर्यंत उठला नाही. पोरांची शाळा बुडाली. पोरं अजून त्याला सलाम करतात.

आधी प्रश्न आला रिमचा. स्विफ्टच्या लोखंडी डिस्क चौदा इंची, त्याला हवी होती पंधरा इंची अलॉय. इथेही नंबर जुळायला हवेत. चार बोल्ट शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर, हबचं भोक ५४.१ मिलिमीटर. शिवाय ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत बसते आणि किती बाहेर येते ते माप. ते चुकलं की टायर वळणावर मडगार्डला घासतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्याला एक जोड सापडली. बोल्ट जुळले, पण भोक निघालं ५६.१, होंडाच्या मापाचं. दोन मिलिमीटरची फट. दुकानदार म्हणाला, नट आवळले की बसतं. दादूस म्हणाला, चाक हबवर बसतं, नटावर नाही. मधली रिंग द्या. त्या रिंगेसाठी तो दुसऱ्यांदा कुर्ल्याला गेला.

रिम घेऊन भाऊच्या धक्क्यावर मोऱ्याच्या लाँचची वाट बघत असताना त्याच्या मनात वजनाचा किडा वळवळला. ट्रॅकच्या गाडीला रिम हलकी हवी. चाक स्प्रिंगच्या खाली असतं, तिथला भार खड्ड्याबरोबर नाचतो आणि टायर जमिनीवरून सुटतो. शिवाय चाकाला पुढेही जायचं असतं आणि फिरायचंही असतं, म्हणून कडेला असलेला एक किलो गाडीला वेग घेताना जवळजवळ दोन किलोसारखा भोवतो. दुकानदारानं तोंडी सांगितलेलं वजन यार्डातल्या माणसाला कसं चालेल? शेजारी एक कोळीण टोपल्या आवरत होती. दादूसनं तिच्याकडे ताणकाटा मागितला आणि रिम आकड्याला लटकवली.

"ह्यो कंचा मावरा रं?" तिनं विचारलं.

"अलॉय."

"काय किलो?"

"तेच बघतोय, मावशे."

काटा साडेआठवर थांबला. घरच्या लोखंडी डिस्कपेक्षा किलोभर जास्तच. चकचकीत अलॉय हलकी असतेच असं नाही. स्वस्तातली ओतीव रिम मजबुतीसाठी जाड करतात आणि जाड केली की ती लोखंडाला मागे टाकते. दादूसचा चेहरा पडला. कोळणीला वाटलं, विकणाऱ्यानं मापात मारलं. ती म्हणाली, "जास्ती भरला ना? मंग रडतस कला?"

हलकी जोड शेवटी एका हौशी रेसरकडून जुनी मिळाली. तीही मावशीच्याच काट्यावर तोलली. घरात आठवडाभर बोंबलाचा वास होता.

मग टायर. त्याला अर्ध-स्लिक हवे होते. नक्षी नावापुरती आणि रबर मऊ. टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ. रस्त्याच्या टायरला तीनशे-चारशे असतात, याला हवे होते दोनशेच्या आतले. योकोहामा, तोयो, नानकांग ही नावं दादूस एवढ्या वेळा घेई की मेडिकलवाल्याला ती औषधं वाटू लागली. म्हातारीला हिशेब पटेना. "लवकर झिजनार, नक्षी नाय, न पैशे जास्ती? करळ फाट्यावं ट्रेलरवाले असले टायर फेकून देतात. त्यांचे उचलून आण."

२०२० च्या उन्हाळ्यात त्याला मुंबईच्या एका डीलरकडे चार टायर मिळाले. तैवानचे, १९५/५० आर १५, जन्म त्याच वर्षाचा नववा आठवडा. जूनमध्ये सरकारनं टायरची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित यादीत टाकली. परवान्याशिवाय आणायचे नाहीत. समोर देशातलं एवढं मोठं कंटेनर बंदर, जगातला माल रोज नजरेसमोरून जातो, नंबर आपण तपासतो आणि आपल्याला हवे ते चार टायर त्यात असणार नाहीत! दादूसनं ती बातमी वाचली आणि घरातल्या चार टायरांकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते टायर वापरायचे राहिले नाहीत, जपायचे झाले.

ऊन लागलं तर रबर तडकतं, म्हणून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. विजेच्या मोटरीजवळ ओझोन तयार होतो, तो रबराला मारतो, म्हणून पाण्याच्या पंपापासून लांब नेले. गाळ्यात उकडतं म्हणून बेडरूममध्ये आणले. एसी त्यांच्यासाठी चोवीस अंशांवर लागला. दादूसची बायको, आमची वहिनी, पलंगाच्या एका कडेला झोपायची. पलंगाखाली सुटकेसच्या जागी टायर गेले आणि सुटकेस हॉलमध्ये आली. "पाव्हणे विचारतात, वयनी, तुमी म्हायेरी चालल्या का?" असं ती मला एकदा सांगत होती. तिनं तक्रार मात्र केली नाही. उलट टायर पुसता पुसता ती त्यावरचं सगळं वाचायला शिकली.

तळेगावजवळ नाणोलीला ट्रॅक झाल्याची बातमी आली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता दादूस सुटला. इतके दिवस त्याच्याकडे सबब होती: ट्रॅक मद्रासला, ट्रॅक कोइमतूरला, ट्रॅक दिल्लीकडे ग्रेटर नोएडाला. मुंबईत एके काळी जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, पण तो बापसाचा जमाना. आता ट्रॅक घाट चढला की समोर. तरी दादूस हलेना. कधी कॅम्बर ठरलेला नसे, म्हणजे चाकाची वरची कड आत किती झुकवायची ते. कधी सुरुवातीची हवा सव्वीस ठेवायची की अठ्ठावीस, यावर अडे. गार टायरमध्ये सव्वीस भरली की ट्रॅकवर तापून ती बत्तीसच्या आसपास जाते. मग पावसाळा आला. नक्षी नसलेला टायर पाण्यावर तरंगतो, तेव्हा पावसाळाभर विषयच संपला.

एवढी वर्षं शेजारी राहून मला दादूसचं गणित कळलं आहे. त्याला गाडीची भीती नाही आणि वेगाचीही नाही. निवड चालू असते तोवर टायर नवे असतात. निवड संपली की झीज सुरू होते. पैज, पोरगी, नोकरी, भूखंड यांत अशीच वर्षं घालवणारी माणसं प्रत्येक आळीत सापडतील. फक्त त्यांचा माल रबराचा नसतो, म्हणून तारीख छापलेली नसते.

दादूसच्या मालावर छापलेली होती. एका रात्री हळदीहून परतताना तो कुणा पाहुण्याच्या टायरबद्दल तावातावानं बोलत होता. पाच वर्षं झाली की टायर म्हातारा, वापरा नाहीतर नका वापरू, रबर आपलं आपण कडक होतं. वहिनी ऐकत होती. घरी आल्यावर ती वाकली, पलंगाखालून एक टायर ओढला, प्लॅस्टिक बाजूला केलं आणि वाचलं, "शून्य नऊ, वीस. अहो, यांना कितवं लागलं?"

दादूस खाली बसला. पुढच्या रविवारी आळीनं गाडी स्टँडवरून उतरवली.

गाडी रस्त्याच्या टायरवर गेली. ट्रॅकचे चार टायर मेव्हण्याच्या मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या पेट्यांवर, गारच्या गार. म्हातारीही टेम्पोतच बसली. पहिल्या फेऱ्यांत टायर घसरत होते, मग तापले आणि धरू लागले. स्विफ्टची पुढचीच चाकं ओढतात, तीच वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. मागची दोन नुसती सोबत. दर वेळी तो आत आला की वहिनी गेज घेऊन पुढे. पुढच्या टायरच्या कडेवर तिनं खडूची रेघ मारली होती. ती कुठपर्यंत पुसली गेली हे बघून टायर वळणावर किती कलंडतो ते कळतं. "बाहेरची कड खातोय," ती म्हणाली. "दोन पौंड वाढवा." दादूसनं निमूटपणे हवा वाढवली.

संध्याकाळी पुढचे दोन टायर कडेला खरवडले होते, त्यांना ट्रॅकवरच्या रबराच्या गोळ्या चिकटल्या होत्या आणि दादूसचे गाल दुखत होते, हसून.

"पयला आलास का?" म्हातारीनं विचारलं.

"आये, शर्यत नव्हती."

"शर्यत नाय, तरी यवरा घाम?"

घाट उतरताना तो गप्प होता. पनवेल आल्यावर म्हणाला, "आता सोळा इंची रिम बघायची म्हणतो. दिसायला भरतात."

"नको," वहिनी म्हणाली. "वजन वाढेल. पंधराच घ्या, पण फोर्ज्ड. आणि या वेळी ऑफसेट मी बघते."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "एक होता," ती म्हणाली, "आता दोन झाली."