बॅटरीवाले मिस्त्री

नांदेडचा देगलूर नाका घ्या, लातूरचा रेणापूर नाका घ्या, नाहीतर मधे लोह्याला किंवा अहमदपूरला उतरा. 'सेल्फ, डायनामो, वायरिंग, बॅटरी चार्जिंग' अशी पाटी दिसली की तिच्याखाली बॅटरीवाले मिस्त्री असणारच. गाड्यांतून डायनामो कधीच गेला, त्याच्या जागी अल्टरनेटर आला. पण पाटीवरून डायनामो हलायला तयार नाही, आणि मिस्त्रीही.

इंजिनवाला मिस्त्री गाडीखाली आडवा असतो, गिऱ्हाइकाला फक्त त्याचे पाय ओळखू येतात. बॅटरीवाले मिस्त्री गाडीखाली जात नाहीत. त्यांचा शर्ट इस्त्रीचा, खिशाला टेस्टर, आणि ॲसिडनं पॅंटला पडलेली बारीक भोकं ही काय ती धंद्याची खूण. गळ्यात एका बल्बला जोडलेल्या दोन वायरी. त्यातली एक पत्र्याला आणि दुसरी संशयिताला लावली की गाडीला जे काही झालं असेल ते कबूल होतं. दुकानात मीटरही आहे. तो गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून.

त्यांचं पंचांग वेगळं. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा आली की जीपवर कर्णे. ऊस तुटायला लागला की ट्रॅक्टरवर डेक. त्याचा आवाज असा पाहिजे की कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीच्या आधी गाणं पोचलं पाहिजे. निवडणूक लागली की हे दोन्ही एकदम. या सगळ्यात 'हे आपल्याला जमणार नाही' असं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. वस्तू जन्मात पहिल्यांदा बघत असले तरी ते तिला उलटी करतात, मागची लाल-काळी वायर बघतात आणि म्हणतात, "बारा व्होल्टचं हाय ना? मग झालं."

अशा मिस्त्रींपुढं एक दिवस थारवाले मालक उभे राहतात. वय तिशीच्या आतबाहेर, वडलांचं कृषी सेवा केंद्र, गाडीला ताडपत्रीचं छत आणि रविवारी मुद्दाम रस्ता सोडून जायची हौस. वडलांची सगळी हयात काळ्या मातीत गाडी रुतू नये म्हणून गेली. हे पदरचं डिझेल जाळून रुतायला जातात. त्यांच्या हातात मेव्हण्यानं अमेरिकेहून आणलेला डबा असतो. आत सीबी रेडिओ. बटण दाबून आपण बोलायचं, सोडून दुसऱ्याचं ऐकायचं. टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही.

"लायसन?" मिस्त्री विचारतात. कायद्याचं त्यांना भय नाही, पण हे विचारायचं असतं.

मालकांना नियम पाठ असतो. 27 मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या सेटला आपल्याकडं 2005 पासून परवाना लागत नाही.

"पाच वॅट?" मिस्त्रींचा चेहरा पडतो. "पार्किंगचा बल्ब पाच वॅटचा असतोय, मालक. रिव्हर्सचा एकवीसचा. तेवढ्यात कुठवर बोलायलाव तुम्ही?"

मग मालक अमेरिकेचा इतिहास काढतात. 1973 मध्ये तेलाची टंचाई आली, पुढच्या वर्षी तिकडं वेगाला पंचावन्न मैलांची, म्हणजे ताशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटरची, मर्यादा घातली. ट्रकवाल्यांनी हे रेडिओ बसवले आणि पुढं पोलीस कुठं दबा धरून आहेत ते एकमेकांना सांगायला लागले. मिस्त्री शेवटपर्यंत ऐकून घेतात.

"त्यासाठी रेडिओ? समोरून येणाऱ्यानं दोनदा डिप्पर मारला की आरटीओ उभा हाय, एवढं आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतंय. एक पैसा खर्च नाही."

आणि तरी ते काम घेतात. घेतल्यावर मात्र त्यांची थट्टा बंद होते, कारण वायर हा विषय निघाला की मिस्त्री कीर्तनकाराइतके कडक असतात. कंपनीच्या वायरीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. पोऱ्यानं सिगारेट लायटरमधून लाईन घेऊन बघितलेली असते. रेडिओ चालतो, पण ॲक्सिलरेटर दाबला की आतून बारीक शिट्टी सुरू होते आणि गाडीबरोबर वर वर चढते. "डायनामो गायलालाय," मिस्त्री म्हणतात आणि पोऱ्याकडं बघतात. डिझेल गाडीला प्लग नाहीत म्हणून निदान ठिणग्यांची तडतड तरी नाही. पेट्रोल असती तर गाण्याला ताशाची साथ मिळाली असती. लाल-काळी दोन्ही सरळ बॅटरीवरून. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर कुठंही घासून शॉर्ट झाली तरी आग लागायच्या आत तो उडाला पाहिजे. पत्र्याच्या भोकात रबरी बूच, नाहीतर पत्र्याची कड वायर कापते. हे सगळं सांगता सांगता ते स्वतः वायर दातांनी सोलत असतात.

फ्यूज किती अँपिअरचा, यावर वाद होतो. मिस्त्रींचा मुलगा लातूरला नीटच्या ट्यूशनला असतो, सुट्टीला आलेला. तो कागदावर भागाकार करून सांगतो की हेडलाइटचा बल्ब पंचावन्न वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअरच्या वर खातो. हा सेट बोलताना दोनच्या आसपास खाईल. "निम्म्याहून कमी," मिस्त्री वायर हातात धरूनच सांगतात, कागद न बघता. पोरगा फिजिक्समध्ये हुशार आहे. टेस्टर त्याला अजून धरता येत नाही, आणि लातूर पॅटर्नमध्ये त्याला मार्कही नाहीत.

खरी परीक्षा अँटेनाची. 27 मेगाहर्ट्झची लाट अकरा मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटर. नऊ फुटांची काठी गाडीवर लावून गावाच्या वेशीतून आत कसं जायचं? आखूड अँटेना मिळते, बुडाशी कॉइल गुंडाळलेली. पण तिला खाली भरपूर पत्रा लागतो आणि मालकांच्या डोक्यावर ताडपत्री. शेवटी बंपरजवळ जागा ठरते. तिथला रंग खरवडून लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, कारण रंगावर अर्थ बसत नाही. नव्या गाडीचा रंग निघतो तेवढा वेळ मालक रस्त्यापलीकडं जाऊन चहा पितात.

अँटेना जुळली नाही तर सेटची ताकद हवेत न जाता उलटी येते आणि सेटच जळू शकतो. मोजायला छोटं मीटर असतं; त्यावर दीडच्या खाली आलं तर उत्तम, तीनच्या वर गेलं तर बोलूच नये. हे मालक इंग्रजीतून वाचून दाखवतात. मिस्त्री पोऱ्याला मराठीत समजावतात: "पाव्हणा एसटी स्टँडवर नेऊन सोडला, गाडी नाही भेटली, की परत आपल्याच घरी जेवायला. तसं." पोऱ्या अँटेनाची सळी एकेक रेघ खाली-वर करत राहतो, मीटर दीडवर येतं. आठवड्याभरात त्या जुळवलेल्या सळीवर पक्षाचा झेंडा चढलेला असतो.

लातूरकडच्या वयस्कर मिस्त्रींना मात्र असा डबा नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर हॅमवाले, म्हणजे परीक्षा देऊन परवाना काढलेले हौशी रेडिओवाले, आपले सेट घेऊन या भागात आले होते. गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या त्या सेटांवरून निरोप बाहेर जायचे. हॅम वेगळं आणि सीबी वेगळं, पण मिस्त्रींच्या हिशेबी दोन्ही बारा व्होल्ट. त्या वयाचे मिस्त्री या कामाची मजुरी कमी लावतात. का, ते सांगत नाहीत.

तर रेडिओ बसतो, हिरवा दिवा लागतो, मालक माइक तोंडापुढं धरतात आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं की पंचक्रोशीत ऐकायला दुसरं कोणी नाही. मिस्त्रींच्या हे पहिल्या दिवशीच लक्षात आलेलं असतं. ते शांतपणे विचारतात, "मेव्हण्याच्या गाडीत कधी बसवायचा?"

मेव्हण्याच्या गाडीत बसतो. दोघं बायपासच्या दोन टोकांना जाऊन बोलतात.

"आवाज येतोय का?"

"येतोय. माझा?"

"येतोय."

यापुढं बोलण्यासारखं काही नसतं. जे आहे ते बायकांनी आधीच फोनवर बोलून घेतलेलं असतं.

उपयोग होतो तो पावसाळ्यात, किनवटकडं सहस्रकुंड बघायला जाताना. जंगलात फोनची रेंज जाते, मालक पांदीत शिरतात, काळी माती चाकांना धरते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. रेडिओ लख्ख चालतो. मेव्हणे हाक ऐकून तातडीनं येतात आणि दहा फुटांवर रुततात. मग दोन्ही गाड्यांतून एकमेकांना सूचना जातात, काचा खाली केल्या तरी ऐकू आलं असतं एवढ्या अंतरावरून. शेवटी बांधावरचा गुराखी आरोळी देतो आणि ट्रॅक्टर येतो. सोमवारी मिस्त्री दोन्ही गाड्यांची बोनेटं उघडून बघतात. "पाणी कुठंच शिरलं नाही," ते म्हणतात. त्यांच्यापुरती ती सहल यशस्वी.

तिसरा सेट मिस्त्री स्वतःच्या दुकानात लावतात. चार्जिंगला आलेल्या कोणाच्यातरी बॅटरीवर तो चालतो. 27 मेगाहर्ट्झची एक खोड आहे: सूर्यावर डाग वाढले की या लाटा वरच्या हवेच्या थरावरून परत फिरतात आणि हजारो किलोमीटरवरचा माणूस शेजारच्यासारखा बोलायला लागतो. एखाद्या दुपारी दुकानातल्या डब्यातून कुठल्यातरी परक्या भाषेत कोणीतरी भराभरा काहीतरी सांगत सुटतो. पोऱ्या हात थांबवतो, चहावाला कप ठेवून उभा राहतो, बॅटरी न्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "कोण हाय? काय म्हणायलाय?"

मिस्त्री कान डब्याला लावून चांगला मिनिटभर ऐकतात.

"काय म्हणायलाय ते काय कळंना," ते म्हणतात, "पर डायनामोचा आवाज अजिबात येईना बघा. मिस्त्री चांगला भेटलाय त्याला."