मस्टर पुरात गेलं

कारखान्याचं मस्टर २६ जुलै २००५ च्या पुरात वाहून गेलं, असं मालकांनी आपल्या लेखी कैफियतीत म्हटलं आहे. कामगार कामाला लागला २०१३ साली. म्हणजे अजून न लागलेल्या माणसाची हजेरी मिठी नदीने आठ वर्षं आगाऊ पोटात घेतली. या नदीला आपण उगाच नावं ठेवतो. इतकी दूरदृष्टी आपल्या एकाही विकास आराखड्यात नाही.

तर आता या माणसाने सुनावणीची तयारी करायची आहे. कामावरून का काढलं, हा प्रश्न फार पुढचा. आधी आपण तिथे होतो हे दाखवायचं. काढण्याआधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे कायद्यात आलं १९५३ साली. २४० दिवस भरले हे सिद्ध करायचं मात्र कामगाराने. आणि ते दिवस लिहिलेली वही मालकाच्या कपाटात. 'मी रोज येत होतो' असं नुसतं शपथपत्र चालत नाही, हेही २००२ साली अगदी वरच्या पायरीवर ठरून गेलं आहे.

मग पुरावा काय द्यायचा? माझ्या मते सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो. प्रत्येक कारखान्यात तो असतोच. शेठ सोवळं नेसून चौरंगापुढे, शेजारी शेठाणी, मागे प्रसादाचं पातेलं धरून आपला माणूस. उलटतपासणीत वकीलसाहेब विचारणार, 'हा प्रसादाला आलेला भाविक नाही कशावरून?' अंगात कंपनीचा शर्ट आहे म्हणावं, तर शर्ट बाजारात मिळतो. मागे लेथ मशीन दिसतंय म्हणावं, तर भाविकाच्या मागे मशीन असू नये असा काही नियम नाही. समजा, कोर्टाने मानलं की हा कामगारच. तरी तो एकच दिवस झाला. उरले २३९. त्यात खंडेनवमीला मशीनला हार घालतानाचा एक धरा, गणपतीच्या आरतीचे दहा धरा, दिवाळीला सोनपापडीचा डबा घेतानाचा एक. शेठच्या मुलीच्या लग्नात चार दिवस पंक्तीत पाणी वाढलं, ते धरता येत नाहीत, कारण ते 'आपुलकीने' केलं होतं. अजून सव्वादोनशेच्या वर दिवस राहतातच. तेव्हा कामगार संघटनांनी यापुढे पगारवाढ-बिगारवाढ सोडून द्यावी आणि कारखान्यात रोज सत्यनारायण घालण्याची एकच मागणी लावून धरावी. रोज पूजा, रोज फोटो, फोटोत मागच्या भिंतीवर त्या दिवशीचं कॅलेंडर. साधुवाण्याची कथा रोज ऐकून शेठचंही काही भलं झालं तर झालं. वचन देऊन विसरणाऱ्या व्यापाऱ्याचं काय होतं, हे तिच्यात सविस्तर सांगितलेलं आहे.

दुसरा साक्षीदार गेटासमोरचा टपरीवाला. त्याच्या उधारीच्या वहीत कोणी कोणत्या दिवशी किती कटिंग प्यायला हे बिनचूक लिहिलेलं असतं. त्याची वही कुठल्याही पुरात जात नाही, कारण ती गेली तर त्याचं नुकसान होतं.

आणि हेच मला सहन होत नाही. पुरात गेलेलं मस्टर परत येतं! 'आम्ही काढलंच नाही, तो स्वतःहून यायचा बंद झाला,' हे दाखवायची वेळ आली की तेच मस्टर कपाटातून कोरडं ठणठणीत बाहेर निघतं. आधीची पानं नाहीत, पण शेवटचं पान आहे, आणि त्यावर लाल शाईत ओळीने 'गैरहजर'. नदीने हजेरी नेली आणि गैरहजेरी तेवढी काठावर ठेवली. हा निव्वळ निगरगट्टपणा आहे. पगार व्हाउचरवर, दर काही महिन्यांनी 'ब्रेक', ब्रेकनंतर कागदावर नवा कंत्राटदार, मशीन तेच आणि माणूसही तोच. कायम करावं लागू नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा आहे, असं राज्याचा १९७१ चा कायदा म्हणतो. तो कायदा कारखान्यात कोणी वाचला असेल, तर तो कुठून निसटता येईल हे बघायलाच.

बेकारी भत्त्याचंही तेच. विमा असलेल्या कामगारांसाठी २०१८ मध्ये योजना आली, आयुष्यात एकदा, फार तर ९० दिवस. सुरुवातीला तिचा दावा जायचा शेवटच्या मालकामार्फत. ज्याने काढलं, त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं. ही अट सुटायला २०२० ची महामारी यावी लागली.

तेव्हा आज ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांनी पीएफचं पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, गेटपास आणि सुपरवायझरचे 'उद्या लवकर ये' असे मेसेज जपून ठेवावेत. आणि ज्यांची गेली, त्यांनी मालकाने मस्टर हजर करावं असा अर्ज कोर्टात लवकरात लवकर द्यावा. मागूनही मस्टर आलं नाही, तर कोर्ट त्याचा अर्थ मालकाच्या विरोधात लावू शकतं.