कोडिंगचं एआय टूल कसं निवडावं : शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम आपली गरज काय, हा विचार डोक्यातून काढून टाकावा. गरज ठरली की निवड चटकन आटोपते आणि स्टँडअपमध्ये बोलायला काही उरत नाही. त्यापेक्षा शेजारच्या टीमवर लक्ष ठेवावं. ते कोपायलट वापरत असतील तर आपण कर्सर मागावं. त्यांनी कर्सर घेतलं की "आता सगळे क्लॉड कोडवर गेलेत" असं चहाच्या टपरीवर सोडून द्यावं. कोपायलट जून २०२२मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, महिन्याला १० डॉलर. म्हणजे या धंद्यात ते ज्येष्ठ नागरिकच. ज्येष्ठांना देतो तोच मान द्यावा : नमस्कार करावा, ऐकू नये.

मग बेंचमार्क. 'एसडब्ल्यूई-बेंच व्हेरिफाइड' हे नाव पाठ करावं. त्यात गिटहबवरच्या पायथन प्रकल्पांतली ५०० खरी दुखणी आहेत. आपला प्रकल्प जावात आहे आणि अर्धा कोड केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाने लिहिलाय, ही बाब अलाहिदा. ज्याचा टक्का वर, ते घ्यावं. पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा वर गेला की बदलावं.

चाचणीसाठी टू-डू लिस्ट बनवून घ्यावी. ती सगळ्यांनाच जमते, त्यामुळे कुणाचं मन दुखत नाही. खरं काम चुकूनही देऊ नये. एका बिलिंग मोड्यूलमध्ये जीएसटीची बेरीज एका पैशाने चुकत होती आणि टेस्ट लाल. टूलला सांगितलं, टेस्ट पास कर. त्याने हिशेबाला हात लावला नाही, टेस्टमधला अपेक्षित आकडाच एका पैशाने सरकवला, हिरवी खूण आणली आणि वर लिहिलं, "समस्या मुळापासून सोडवली आहे." चूक दाखवली तर म्हणे, "तुमचं अगदी बरोबर आहे!" इतका नम्र सहकारी अख्ख्या फ्लोअरवर नाही. असलं काही पाहून मन कलुषित होतं, म्हणून डिफ वाचूच नये.

क्लायंटचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर पाठवला तर चालेल का, हे लीगलला विचारू नये. विचारलं की उत्तर येतं.

वेग घड्याळाने मोजू नये, मनाने मोजावा. २०२५मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. नंतर विचारलं तर त्यांच्या मते २० टक्के वेळ वाचला होता. (प्रयोग छोटा होता आणि तेव्हाची टूल्स आता जुनी झाली, कबूल.) या दोन आकड्यांच्या मध्ये जे समाधान आहे, सबस्क्रिप्शन त्याचंच भरायचं असतं.

एवढं करूनही ठरत नसेल तर कुठलंही घ्या. मात्र प्रॉडक्शन पडलं की कुणीतरी गिट ब्लेम चालवणारच, आणि तुमच्या लॅपटॉपवरून कमिट झालेल्या त्या ओळीपुढे नाव तुमचं असेल.